हरणीच्या दाखल्यासाठी मालेगाव ते मानोरा

यजमानांचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. आफ्रिकेला जायचं, आणि हरणीला बरोबर न्यायचं. पहिलीला कुणाची हरकत नव्हती. यजमान तीन वर्षांपासून तिकडे रेल्वेच्या एका लहानशा स्टेशनावर मास्तर आहेत, आता त्यांना दोन खोल्यांचं घर मिळालं, तेव्हा बायकोनं जायचं यात कुणाला काय विचारायचं? दुसरीवर मात्र आमच्या वाशीमजवळच्या मालेगावातल्या झाडून सगळ्या बाया हसल्या. हरणी म्हणजे आमची कुत्री. उंच, सडसडीत, पोट पाठीला लागलेलं, आणि धावायला लागली की नाव सार्थ करणारी.

यजमानांनी लिहिलं होतं की कुत्रं आणू नये असं नाही, पण बंदरावर दाखला मागतात. सरकारी गुरांच्या डॉक्टरनं तपासून लिहून द्यावं लागतं की जनावराला खरूज नाही, रक्तात गोचीडताप नाही आणि त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलेलं नाही. दाखला बोट सुटण्याआधी पंधरा दिवसांच्या आतला हवा, त्याहून जुना चालत नाही. आणि शेवटी, 'हे तुला जमेल असं वाटत नाही.' हे वाक्य त्यांनी लिहायला नको होतं. मला जमणार नाही असं कुणी म्हटलं की मी जेवण टाकून त्या कामाला लागते, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

हरणीशिवाय जायचं नाही, याला कारण होतं. यजमान परदेशी गेले तशी मी माहेरी, बाबांकडे राहायला आले. आई लहानपणीच गेली, भावंड नाही, घरात आम्ही दोघंच. पहिले काही दिवस माझं कशात लक्ष लागेना. तेव्हा बाबा मानोऱ्याकडे बैल बघायला गेले ते बैल न घेताच आले. घोंगडीत एक पिल्लू होतं. "तुले सोबत," एवढंच म्हणाले. तीन वर्षं ती माझ्या पायाशी झोपली. आता तिकडे यजमान रात्रंदिवस गाड्यांच्या मागे असणार, आणि मी त्या माळावर एकटी दोन खोल्यांत. छे, हरणी पाहिजेच.

कार्तिक संपत आला होता. कापसाची वेचणी सुरू होती. बोट इंग्रजी महिन्याच्या अखेरीला मुंबईहून सुटणार होती. मी, बाबा आणि हरणी सकाळी मोटारीपाशी जाऊन उभे राहिलो. मोटार भरली होती, त्यात शिरपूरच्या देवळाचं दर्शन करून परतणारी मंडळी होती. हरणीला पाहून एका म्हाताऱ्या बाईंनी पाय वर घेतले. डायवर म्हणाला, "बाई, कुत्रं टपावर बांधून देतो."

"तुमी बसता का टपावर?" मी विचारलं.

मोटार गेली. बाबांनी आमच्या जुन्या गड्याला हाक मारली, "सोनाजी, दमणी जुप." मग छप्पराच्या बैलगाडीतून आम्ही वाशीमला निघालो. एका अर्थी बरंच झालं. मोटारीत धूळ खायला मिळते, दमणीत भाकर. वाटेत निंबाच्या झाडाखाली ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा काढला. ज्यांना कुत्रं घेऊन प्रवास करायचा असेल त्यांना एक सांगते, निघण्याआधी त्याला पोटभर घालू नका. मी हरणीला सकाळी ताकात भाकर कुस्करून घातली होती. ती तिनं पहिल्याच ओढ्याच्या उतरणीला सोनाजीच्या घोंगडीवर परत केली. सोनाजी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वाशीमचा गुरांचा दवाखाना म्हणजे एक मोठी पडवी आणि बैल बांधायला लाकडी चौकट. आम्ही गेलो तेव्हा खूर सुजलेले चार बैल पुढे होते. कंपाउंडरनं वही उघडली. वहीत गाय, बैल, म्हैस, घोडा असे रकाने. "कुत्रं कुठं लिवू?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घोड्यात लिहा, धावते तशीच. त्यानं खरंच तिला घोड्याच्या रकान्यात लिहून ठेवलं.

डॉक्टर तरणे होते, नागपूरकडचे, पण कामाला चोख. हरणीचे दात पाहिले, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, पोटाखालची कातडी बोटानं चोळली. खरूज नाही. कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मी तोवर तिचं तोंड मांडीत धरून बसले होते. रक्त स्वच्छ. कंपाउंडरनं आपल्या अक्कलहुशारीनं तिच्यापुढे पाण्याचं घमेलं ठेवलं, पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणून. हरणीनं घमेलं चाटूनपुसून कोरडं केलं आणि त्याच्याकडे आणखी मागितलं. मी मनात म्हटलं, झालं काम. संध्याकाळी घरी.

मग डॉक्टरांचा हात तिच्या डाव्या खांद्यावर थांबला. त्यांनी केस बाजूला सारले. आत चंद्रकोरीसारखा एक गुळगुळीत व्रण होता.

"हे काय आहे?"

"लहानपणी चुलीजवळ भाजली असेल," मी म्हटलं. मला तसंच वाटत आलं होतं.

"चुलीनं भाजलेलं इतकं नेमकं नसतं, बाई. हा तापल्या लोखंडाचा डाग आहे."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे गुराला किंवा कुत्र्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं की विळा लाल करून डागतात, म्हणजे विष जळतं असा समज. मी स्वतः पाहिलेलं आहे. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "उन्हाळ्यात असंच एक डागलेलं कुत्रं माझ्याकडे आणलं होतं. धन्यानं शपथ घेतली, कुणी चावलं नाही म्हणून. पुढे त्याच घरातला कर्ता माणूस पाण्याला भ्यायला लागला. मी सही करणार नाही."

मी बाबांकडे वळले. "बाबा, तुमीच आणली ना इले? सांगा ना."

बाबा शेजारच्या बैलाच्या खुराकडे पाहत होते. "मले काय माईत? घोंगडीत घालून देली, घेऊन आलो."

डॉक्टर कठोर नव्हते. म्हणाले, हा डाग कुणी दिला, कधी दिला आणि कशासाठी दिला, याचा पुरावा आणा. सहा दिवस मी इथं आहे, मग दौऱ्यावर जाईन. सहा दिवसांनंतर येऊन माझ्या हाती काही लागणार नव्हतं, कारण मग मुंबईची गाडी धरायची होती.

बालाजीच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. बाबा म्हणाले, "राहू दे ना मंग. कुत्री हाये, राहीन घरी." मी म्हटलं, मानोऱ्याला जाते, जिथून आणली तिथंच विचारते. त्यांनी आपलं गाठोडं बांधायला घेतलं. मग म्हणाले की उद्या वेचणीला बाया सांगितल्या आहेत, आपल्याला परत जावं लागेल. सकाळच्या मोटारीनं गेले. जाताना हरणीच्या डोक्यावरून बराच वेळ हात फिरवला आणि मला म्हणाले, "लय हट्टी हायेस वं माय." मला ते कौतुकच वाटलं.

वाशीम ते मंगरूळपीर एक दिवस, तिथून मानोरा दुसरा. रस्ता मंगरूळपर्यंत बरा आहे, पुढे मात्र नुसती गाडीवाट. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, त्यात वाकलेल्या बाया, आणि मधूनच ज्वारीच्या मळ्यात मचाणावरून पाखरं हाकणारा एखादा म्हातारा. मंगरूळला गूळ आणि फुटाणे घेतले, धर्मशाळेत कढी आणि भाकर केली. सोनाजी आता माझ्याशी बोलायला लागला होता.

"बाई, तिकडं कुत्रे नसतात का?"

"असतात की. सिंहपण असतात म्हणे."

"मंग हरनीले काहून नेऊन राह्यल्या? सिंहाले खाऊ घालाले?"

मी त्याला म्हटलं, तू बैलांकडे बघ. पण खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला धास्ती वाटली. सिंहाची नाही. या डागामागे खरोखरच काही निघालं तर काय, याची. मी तिचं तोंड मांडीत धरून बसते, तिचं उष्टं पाणी माझ्या हाताला लागतं. पण ती तीन वर्षं माझ्यासमोर आहे, अंगणात हसतखेळत आहे, असं स्वतःला बजावलं आणि अरुणावती नदी उतरून दुपारी मानोऱ्याला पोचलो.

पाटलांच्या घरी आधी पाणी, मग चहा, मग चौकशी. पाटलांना सगळं ऐकून हसू आवरेना, पण त्यांनी ठिकाण बरोबर सांगितलं. "तुमच्या बापानं नेली ती जमनी याडीच्या घरची. नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा. याडी म्हंजे त्यायच्यात माय. साऱ्या तांड्याची माय हाये ते."

तांड्यात शिरलो आणि दहाबारा कुत्रे दमणीभोवती गोळा झाले, सगळे हरणीसारखेच सडसडीत. गलका ऐकून एक म्हातारी बाहेर आली. कोपरापर्यंत पांढरी बलोयी म्हणजे हाडाच्या बांगड्या, चोळीवर आरसे, कंबर वाकलेली, नजर मात्र घारीची. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हरणीच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. सरळ डाव्या खांद्यावरचे केस सारले आणि म्हणाली, "आमची हाये."

मी येण्याचं कारण सांगितलं. ती दारातच बसली. "पिसाळलेलं कायचं? परक्या घरी जानाऱ्या पिल्लाले आमी खूण देतो. मंग कुठंबी दिसलं त आमचं समजते. इथं राह्यतात त्यायले नाई देत. त्यायले कायले पाह्यजे खूण?"

तिनं घरातून डागणी आणून दाखवली. लोखंडाची लहानशी सळई, टोकाला नखाएवढी कोर. आतल्या बाजूला टोपलीत तीन पिल्लं होती, पुढच्या आठवड्यात ती कारंज्याकडे जाणार होती. हरणीची आईही तिथंच होती, थकलेली, एका कानाचा तुकडा गेलेली. मला वाटलं होतं आता काहीतरी बघण्यासारखं होईल. आई लेकीवर गुरगुरली आणि लेक माझ्या लुगड्यामागे लपली. "कुत्र्यायचं तसंच असते," याडी म्हणाली. तिनं मला बाटी खायला दिली. त्यांच्यात बाटी म्हणजे आपली भाकरच, सोबत लसणाची चटणी.

मी घास घेत असताना ती म्हणाली, "तुझा बाप बरा हाये ना? लय हळवा मानूस. यानंच त धरलं होतं पिल्लू मांडीवर, मी डाग देल्ला तवा. पिल्लू केकाटलं अन् पानी याच्या डोयात. मले म्हने, पोरगी एकटी पडली, तिच्यासाठी नेतो."

मी पुन्हा विचारलं, बाबांसमोर डाग दिला? "समोर काय म्हनतेस, त्याच्या मांडीवर."

घास तसाच हातात राहिला. बाबांना माहीत होतं. त्या दवाखान्यात, बैलाच्या खुराकडे पाहत उभे होते तेव्हा एका वाक्यात सगळं मिटलं असतं, आणि त्यांनी मला बैलगाडीनं दोन दिवस धूळ खायला पाठवलं. मला असा राग आला की मी याडीचा निरोपही धड घेतला नाही. तिनंच डागणी माझ्या हातात कोंबली. "कागद नाई देत मी. हे दाखव डॉक्टरले. अन् परत पाठवजो, तीन पिल्लं जायची हायेत." पाटलांनी मात्र चिठ्ठी लिहून दिली, की ही डागणी अमक्या घरची, आणि जाणाऱ्या पिल्लांना डाग देण्याची त्यांची रीत आहे.

वाशीमला परत पोचलो तो डॉक्टरांचा शेवटून दुसरा दिवस. त्यांनी चिठ्ठी वाचली, थंड डागणी हरणीच्या खांद्यावर ठेवली. व्रण डागणीपेक्षा दुपटीनं मोठा होता. कोर कोरीवर बसेचना. मी मनात म्हटलं, संपलं. याडी खोटं बोलली, किंवा डागणी दुसरीच आहे.

डॉक्टरांनी पुन्हा ठेवून पाहिली आणि हसले. "बाई, बसली असती तर मी सही केली नसती. मोठ्या कुत्र्याला डागलं तर व्रण लोखंडाएवढाच राहतो. हा अंगाबरोबर वाढला आहे. म्हणजे डागली तेव्हा ही हातभर पिल्लू होती. तेव्हा विष अंगात गेलं असतं तर आज ही माझं घमेलं चाटायला आली नसती." कातडी पुन्हा एकदा तपासली, रक्त पुन्हा पाहिलं, आणि दाखला लिहिला. इंग्रजीत, सही, शिक्का. कुत्री धडधाकट असून प्रवासास योग्य आहे. एक रुपया फी. मी ती घडी पोलक्यात ठेवली आणि जिल्ह्यात माझ्याएवढी शहाणी बाई नाही अशा थाटात दमणीत बसले.

हा थाट मालेगावच्या वेशीपर्यंत टिकला. घरी बाबा अंगणात वेचलेल्या कापसातला काडीकचरा काढत बसले होते. हरणी माझ्या आधी उतरली आणि त्यांच्या अंगावर जाऊन पडली. मी दाखला समोर धरला.

"मिळाला," मी म्हटलं. "बाबा, याडी तुमची चौकशी करत होती."

त्यांचा हात कापसात थांबला. म्हणाले, "तू जाशीन हे त ठरलंच होतं. तुले कोन थांबवते? हरनी राहीन, असं वाटलं मले."

"मग तसं सांगायचं ना. मी काय परकी आहे?"

"सांगून काय करतीस?"

खरं काय केलं असतं? वाद घातला असता आणि जिंकले असते. राग कुठल्या कुठे गेला. बाबांचं घर माझ्या मागे कसं दिसेल हे मी त्या क्षणापर्यंत डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. एक ताट, एक चूल, आणि कापूस निवडत बसलेला माणूस. घाईघाईनं मी म्हटलं, "बाबा, तुमीच चला ना तिकडे."

ते हसले. तोऱ्यानं नाही, साधंच. "मले काहून विचारून राह्यली, कुत्रीच्या मागून?"

मला लाज वाटली. आजवर मी कुणाशी बोलण्यात हरले नव्हते, त्या दिवशी हरले. हरणीसाठी सहा दिवस मी दोन गावं, एक तांडा आणि एक दवाखाना पालथा घातला होता, आणि बाबांना साधं एक वाक्य विचारलं नव्हतं. मी तिथंच कापसात बसले आणि रडले. बाबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तूर उभी हाये वावरात. आत्ता कसा येऊ?"

"मग हरणी इथंच राहील."

"मी म्हनलं नाई तसं."

"मी म्हणते."

तर असं झालं. सोनाजीनं डागणी परत तांड्यावर पोचवली. मी बोटीत एकटी चढले. दाखला माझ्या पेटीत आला आणि पंधरा दिवसांत निकामी झाला. पण कुणाला वऱ्हाडातून कुत्रं परदेशी न्यायचं असेल तर माझं हे सगळं कामी येईल: दमणी ठरवा, मोटारीच्या नादी लागू नका, रक्त सकाळच्या उजेडात तपासून घ्या, आणि अंगावर कसलाही व्रण असेल तर त्याची हकीकत आधीच लिहून घ्या. वाशीमच्या वहीत आता हरणीच्या डागाची नोंद आहे, तेव्हा दुसऱ्या खेपेला ती अडचण येणार नाही.

दुसरी खेप म्हणते ती उगाच नाही. इथं स्टेशनासमोर लाल मातीचा माळ आहे, दिवसातून दोन गाड्या येतात, यजमान बरे आहेत. सिंह अजून दिसला नाही. मागच्या आठवड्यात शाळामास्तरांच्या हातचं बाबांचं पत्र आलं. हरणी ठीक आहे, तूर बरी आली. आणि खाली एक ओळ, तिकडे ज्वारी होते का? बाबा कधी उगाच काही विचारत नाहीत. मी लगेच माहिती काढली. माणसाला देवी टोचल्याचा दाखला लागतो, तो अवघड नाही. कुत्रीचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

काल रात्री उत्तर लिहिलं. या वेळी आधी बाबांना विचारलं आहे, हरणीचं त्याच्या खाली लिहिलं आहे.